चॉकलेटचा नैवेद्य

शलाकाने वितळत्या चॉकलेटमध्ये थर्मामीटर बुडवला. पंचेचाळीस अंश, अगदी हवं तेवढंच. पाच वाजता लेकीच्या वाढदिवसाला चौदा मुलं येणार होती आणि "माझी आई केमिस्ट्री शिकवते, ती दुकानापेक्षा भारी चॉकलेट करते," असं लेकीने अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं.

"पाण्याचा एक थेंब पडला तरी सगळं फुकट जाईल," असं घरात सगळ्यांना बजावून शलाका साचे आणायला गेली.

तेवढ्यात सासूबाई देवघरातून आल्या. नैवेद्याशिवाय कुठलाही गोड पदार्थ त्या मुलांपुढे जाऊ देत नसत. त्यांनी नुकतंच धुतलेलं तुळशीचं पान भांड्यात सोडलं आणि प्रेमाने ढवळलं. बघता बघता चॉकलेटचा रवाळ गोळा झाला.

"माई! पाणी नको म्हटलं होतं ना मी?"

"पाणी कुठे घातलं? तुळस घातली."

शलाकाचे डोळे भरून आले.

"आता त्यात रडू नकोस, आणखी पाणी पडेल," म्हणत माईंनी पान काढलं, गोळ्यात बिस्किटांचा चुरा मिसळला आणि तळहाताला तूप लावून भराभर लाडू वळले.

सहा वाजता ताटात एकही लाडू उरला नव्हता. लेकीच्या मैत्रिणीची आई कृती मागायला आली. शलाकाने माईंकडे पाहिलं, मग नेटक्या अक्षरात साहित्य लिहायला घेतलं. पहिलीच ओळ होती : तुळशीचं पान एक, धुतलेलं. पुसू नये.