खिडकीकडचे खडे

तिने बाही कोपरापर्यंत वर सारली आणि नळीचं तोंड माशांच्या टाकीच्या तळाशी, खड्यांत खुपसलं. हिरवट पाणी बादलीत उतरू लागलं. बादली धरायला नेहमीप्रमाणे सासरे.

“परवाच तर उपसलं होतं,” ते म्हणाले.

“आठ दिवस झाले, बाबा.”

तिच्या वहीत तारीख होती. वहीत सगळंच होतं. टाकीतला दिवा रोज सहा तास, माशांना खाणं एकदाच आणि चिमूटभर, आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, खिडकीचा पडदा दिवसभर बंद. तरी खडे हिरवे ते हिरवेच.

“शास्त्रज्ञबाई, रविवारी मी ओततोय हं!” स्वयंपाकघरातून नवऱ्याचा आवाज आला.

ओतायची बाटली त्याने आणूनच ठेवली होती. आठवड्यात शेवाळ साफ, असं तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. गोगलगायी मरतील, हे खाली बारीक अक्षरांत. टाकीत पाच गोगलगायी होत्या. जन्मभर बस डेपोत वेळापत्रकं लिहिलेल्या सासऱ्यांनी त्यांना गाड्यांचे नंबर दिले होते. काचेवर अर्ध्यात अडकलेली ती सात नंबर.

“सात नंबर आजही लेट,” ते हळूच म्हणाले. “हिला कसलं औषध पाजता रे?”

तिने नळी पुढे सरकवली आणि थांबली. शेवाळ सगळीकडे नव्हतंच. पलीकडचे खडे स्वच्छ होते. हिरवे होते ते खिडकीकडचे, आणि हिरव्याची कड तिरपी, पट्टीने आखल्यासारखी. अशी कड उन्हाची असते.

तिने पडदा पाहिला. बंद. पडद्याखाली, खिडकीच्या कट्ट्यावर सासऱ्यांचा चष्मा होता. वाचायचा नव्हे, लांबचा.

“बाबा, दुपारी पडदा उघडा असतो?”

“छे! तू घरात शिरतेस तेव्हा बंद असतो ना?”

“आणि त्याआधी?”

सासऱ्यांनी बादलीत पाहिलं. “तू कोपऱ्यावर दिसलीस की लगेच ओढून घेतो. तू नियम घालून दिलाय, तो मोडेन का मी?”

“उघडता किती वाजता?”

“साडेतीनला.”

“अहो, मी साडेपाचला येते!”

“हो, पण तीस वर्षं वेळा लिहिल्यात मी. एखादी गाडी लवकरही येते.”

बादली भरून वाहायला लागली तेव्हा दोघांनाही भान आलं, आणि फडकं शोधायची धावपळ झाली. फरशी पुसता पुसता तिने वही उघडली, ‘पडदा बंद’ या ओळीवर काट मारली. मग माळ्यावरून जुन्या खोक्याचा काळा पुठ्ठा काढला, मापून कापला आणि टाकीच्या खिडकीकडच्या काचेला बाहेरून चिकटवला.

“अजून पंधरा दिवस द्या,” तिने स्वयंपाकघराकडे पाहून सांगितलं. “कारण सापडलंय.”

“कोण निघालं?” नवरा हात पुसत बाहेर आला.

“ऊन,” ती म्हणाली.

सासरे सात नंबरकडे फार लक्ष देऊन पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी ती बसमधून उतरली आणि कोपऱ्यावरून वळली. सवयीने वर पाहिलं. एरवी तिथे बंद पडदाच दिसायचा, कधी किंचित हलणारा. तो वाऱ्याने हलतो असं ती समजत आली होती.

आज पडदा पूर्ण उघडा होता. खिडकीत लांबचा चष्मा घातलेलं एक माणूस मनगटावरचं घड्याळ पाहत होतं. तिला पाहताच त्याचा हात सवयीने पडद्याकडे गेला, मध्येच थांबला आणि मग वर उठून हलू लागला.