पहिला घास

माधवगंजातल्या गच्चीवर नीलम तासाभरापासून उन्हात उभी होती. आज सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. पानावरचा वडा, भात, खीर निवत चालली, पण कावळा फिरकेना, आणि तो शिवल्याशिवाय खाली कुणी जेवणार नव्हतं. घर विकणार नाही, नणंदेचं लग्न करू, अशी वचनं देऊन तिचा घसा सुकला. नवरा खालून ओरडला, “अगं, और किती देर? गुरुजी खोळंबलेत!” तिच्या पायाशी सासऱ्यांचा लाडका बीगल, गजक, लाळ गाळत बसला होता. ही कुत्र्याची जात जन्माची हावरट. डॉक्टरांनी त्याला मोजूनच द्यायला सांगितलेलं. वर्षभर त्याचे लोंबते कान पुसणं, दोनदा फिरवणं, सगळं तिच्याच गळ्यात. सासरे मात्र रोज आपल्या पानातला पहिला घास चोरून त्यालाच भरवायचे. नीलमनं साखळी सोडली. वडा गेला, खीरही गेली. “पानं घ्या,” ती जिन्यातून म्हणाली, “शिवला.”