फुकटचा वडा

कोणीच वडा घेत नव्हतं. फुकट असून.

नव्या दुकानासमोर निम्मं लालबाग लोटलं होतं. दारावर झेंडूचं तोरण होतं, ताशा वाजत होता, काउंटरवर वाफाळत्या बटाटेवड्यांचे ट्रे मांडले होते. माणसं वास घेत होती, एकमेकांकडे बघून हसत होती आणि हात पाठीमागे बांधून उभी होती. अंबिकाने माइक बाजूला ठेवला, ट्रेमधला एक वडा उचलला आणि सगळ्यांसमोर त्याचा मोठा घास घेतला. आपला माल आधी आपण खाऊन दाखवावा, हे ती दादरच्या शाखेत टोपी घालून ऑर्डरी घ्यायची तेव्हाच शिकली होती.

गर्दीतून "अरे अरे" असा आवाज उठला.

"गो अंबू!" समोरच्या चाळीतल्या मालनकाकू पुढे आल्या. अंबिका आता अख्ख्या कंपनीची मुख्याधिकारी होती, पण त्यांच्या लेखी शेजारच्या खोलीतली अंबूच. "आज अंगारकी ना गो! चंद्र दिसल्याशिवाय हय कोण वडो खातलो?"

अंबिकाचा घास तोंडातच राहिला.

मंगळवारी आलेली संकष्टी. एरवी चतुर्थीला वडे चापणारी पोरंसुद्धा या दिवशी उपास धरतात. आणि उद्घाटनाची तारीख तिने स्वतः ठरवली होती. पाऊस पाहिला होता, क्रिकेटची मॅच पाहिली होती, लोकांच्या पगाराचे दिवस पाहिले होते. तरी सकाळपासून काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं.

तिने शाखेचा मॅनेजर पुष्कर याला आत ओढलं.

"तुला माहीत होतं?"

"हो मॅडम. सगळ्यांनाच."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही लालबागच्या ना! आम्हाला वाटलं, बाप्पाचा दिवस म्हणून मुद्दाम धरलाय. माझाही उपास आहे."

"आणि तळणाऱ्यांचा?"

"त्यांचाही. चव न बघताच तळलेत."

अंबिकाने कपाळाला हात लावला. लालबागला शाखा नको, असं संचालकांचं म्हणणं होतं. तिथली माणसं गाडीवर उभी राहून खातात, काचेच्या दारात पाय ठेवणार नाहीत. हट्ट तिने धरला होता. ऑर्डरी घेता घेता ती मॅनेजर झाली, मग विभागप्रमुख आणि गेल्या वर्षी मुख्याधिकारी. "लालबाग चाललं नाही, तर तुमच्या खुर्चीचा विचार करावा लागेल," असं चेअरमन मनमोहन विजयकर अगदी गोड आवाजात म्हणाले होते. ते संध्याकाळी यायचे होते.

मालनकाकू विचारल्याशिवाय आत आल्या होत्या. त्यांनी उकडलेल्या बटाट्यांच्या परातींवरून नजर फिरवली.

"तुझे आप्पा असते ना, तर लायनीत पहिले उभे असते," त्या म्हणाल्या. "उपाशी. पण उभे."

आप्पांना जाऊन अजून महिना झाला नव्हता.

काकूंनीच विषय बदलला. "पण बटाट्यान कोणाचा घोडा मारल्यान? उपासाक बटाटो चलता. तुझा ता बेसन तेवढा नको."

अंबिकाने त्यांच्याकडे पाहिलं. मग परातींकडे.

"पुष्कर, हळद नको, मोहरी नको, लसूण तर नकोच. जिरं, मिरची, दाण्याचं कूट. वाण्याकडे असेल नसेल तेवढं शिंगाड्याचं पीठ आण."

"मॅडम, कृतीपुस्तकात नसलेलं काही कढईत टाकायचं नाही. सर्क्युलर आहे."

"सही कोणाची आहे त्यावर?"

"तुमची."

"मग कढया घासायला घे आणि नवीन तेल ओत."

मालनकाकूंनी पदर खोचला. पाठोपाठ चाळीतल्या आणखी बायका आल्या. एकीने घरचं दही आणलं. मीठ किती यावरून दोघींचं वाजलं आणि तिसरी दोघींना न विचारता ते घालून मोकळी झाली. पहिला घाणा निघाला. या वेळी तळणाऱ्यांनी स्वतः चव बघितली आणि एकदम चार हात दुसऱ्या वड्याकडे गेले.

आता रांग लागली. दुपार कलली तशी ती चाळीला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरली. पावांना मात्र दिवसभर कोणी वाली नव्हता. मालनकाकूंनी एक पाव उचलला, त्यात सकाळचा बेसनातला वडा घातला आणि अंबिकाच्या हातात दिला.

"तू खा. तुझो उपास मोडलोच हा."

रांगेतले सगळे खदखदून हसले. अंबिकाही हसली. एवढ्या माणसांत बिनउपासाची ती एकटीच होती.

संध्याकाळी विजयकरांना आपल्याच दुकानाच्या दाराशी पोचायला दोघातिघांचे पाय तुडवावे लागले. त्यांनी एक उपासाचा वडा खाल्ला. मग आणखी एक मागून घेतला.

"अंगारकीचाच दिवस धरलात आणि वर उपासाचा वडा!" ते म्हणाले. "डोकं आहे तुम्हाला, अंबिकाबाई. आता हा सगळ्या शाखांत हवा. खुर्चीचं माझं ते बोलणं विसरून जा."

"डोकं कसलं, साहेब! मी अंगारकी विसरले होते."

"लालबागची मुलगी अंगारकी विसरते? मला बनवू नका."

अंबिकाने हातातला फोन उलटा करून काउंटरवर ठेवला. सकाळपासून तो वाजायचा थांबला नव्हता.

"मला कधी लक्षात ठेवावीच लागली नाही," ती म्हणाली. "चतुर्थीला उजाडलं की आप्पांचा फोन यायचा. आज तुझ्या त्या दुकानातलं काही खाऊ नकोस गो, म्हणायचे."