हिरवं पाणी

"सुतपा, गोष्टीत एकच मूल ठेव. धाकटी नको," संपादक निखिलेशदा फोनवर म्हणाले. चित्रातली भावंडं सुतपाने स्वतःच्याच पोरांवरून काढली होती. "बरं दादा, बुडवते तिला तळ्यात," ती हसत म्हणाली आणि कागदावरच्या धाकट्या टुपुरवर तिने हिरवंगार पाणी रंगवलं.

ब्रश धुऊन वळली, तर टुपुरचा पाळणा रिकामा. मागचं दार सताड उघडं, आणि दारापुढेच तळं. घाटाच्या पायऱ्यांवर कुणीच नव्हतं. "बाबुन," तिने थोरल्याला कशीबशी हाक मारली, "टुपुर कुठाय रे?"

खाटेखालून टुपुरच्या हुंकारापाठोपाठ त्याचा रडवेला आवाज आला, "मा, तिला नको बुडवूस. मला बुडव. मला पोहता येतं."