परतणारी लाट

समुद्री चाच्यांच्या नव्या मालिकेचा पहिला भाग लागला, तेव्हा आईने आवाज वाढवला. चित्रपटांसाठी पावसाचे, वादळांचे आवाज घडवण्यात हयात घालवलेले बाबा बहिरे झाल्यापासून टीव्हीकडे पाठ करून बसत. आज मात्र स्पीकरवर तळहात टेकवून उभे राहिले. मालिकेतला समुद्र मी केला होता, त्यांच्याच पत्र्याच्या ट्रेमध्ये मसूर घोळवून. ते माझे पहिलेच काम. चाचे गरजले, गलबत बुडाले. माझी नजर त्या हातावरून हलेना. "काय हो, कसा आहे पोरीचा समुद्र?" आईने खुणांनी विचारले. "लाट येते झोकात. परतताना घाई करते. तिला काय शेवटची बस गाठायचीय?" बाबा म्हणाले. मग खाली बसून मसुरीचा ट्रे मांडीवर घेऊन त्यांनी हलकेच कलता केला. मसूर रेंगाळत माघारी गेली. बाबा ट्रेकडे पाहत नव्हते. लाट कशी वाजली, ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होते.