मन्या कोण?

प्रकट मुलाखतीत चाहत्यांच्या चिठ्ठ्या संपत आल्या, तेव्हा तिसऱ्या रांगेतले एक आजोबा माइक धरून उठले. "चारुलताबाई, तुमचा पहिला सिनेमा मी अकरा वेळा पाहिलाय. मेलेल्या लेकराला कवटाळून तुम्ही रडता. पोराचं नाव सिनेमाभर दीपक, मग तिथंच तुम्ही 'मन्या, ऊठ रे' कसं म्हणता? हा मन्या कोण?"

शेवटच्या रांगेत कुंदाने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. त्या सिनेमात चेहरा बाईंचा होता, आवाज कुंदाचा. पोटच्या मन्याला माती देऊन पंधरा दिवसांत ती डबिंगला उभी राहिली, आणि तोंडून त्याचंच नाव गेलं. चुकलं म्हणून तिने हात जोडले, तर दिग्दर्शक म्हणाले, "हिरॉईन पाठमोरी आहे, ओठ दिसत नाहीत. राहू दे. असं रडणं पुन्हा मिळायचं नाही."

बाई खळखळून हसल्या. "अहो, तो आवाज माझा कुठे! डबिंगवाली चुकली असणार, दुसरं काय!"

सगळं सभागृह हसलं. कुंदा मात्र त्या आजोबांकडे बघत राहिली. बत्तीस वर्षांत तिच्या मन्याची कुणीतरी पहिल्यांदाच चौकशी केली होती.