बिनडोळ्यांचे सोबती

सासूबाईंची नजर गेली तेव्हापासून रोज विहिरीचं पाणी गाळलं की सून ओलं फडकं त्यांच्या तळहातावर पसरायची. जमिनीखालच्या झऱ्यांतून आलेले, जन्मतःच डोळे नसलेले पांढुरके जीव त्यावर वळवळायचे. सासूबाई नुसत्या गुदगुल्यांवरून त्यांना ओळखायच्या. "उड्या मारतोय तो झिंगा. दोऱ्यासारखी ती अळी. आणि हा खडा नाही गं, गोगलगाय आहे. जा, सगळ्यांना घरी सोडून ये." काल बाळाला जुलाब झाले म्हणून नवऱ्याने विहिरीत ब्लीचिंग पावडर ओतली. आज फडक्यावर काहीच हलत नव्हतं. सुनेने ते सासूबाईंच्या तळहातावर ठेवलं आणि वरून बोटाने हळूच टिचक्या मारल्या. "झिंगे फारच उड्या मारतायत, आई." सासूबाईंनी फडकं नाकाशी नेलं, मग अलगद दुमडलं. "बाळ बरं आहे ना?" "हो." "मग झालं. आता या घरात आंधळी मी एकटीच."